उघडल्या दाराची तक्रार

सुरतेत दरवाजे पुष्कळ आहेत आणि त्यांतला एकही उघडावा लागत नाही. उधना दरवाजा, सहारा दरवाजा, दिल्ली गेट, मजुरा गेट. रिक्षावाल्याला नाव सांगायचं, तो नेऊन सोडतो, आणि उतरून पाहावं तर उड्डाणपूल, कापडाच्या गाठी लादलेले टेम्पो आणि दुपारचा धुरळा. शहराला विटांचा तट आला तो मराठ्यांच्या धास्तीने. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज आले तेव्हा इथे मातीची भिंत होती. लूट झाली आणि मग पक्का तट बांधायला घेतला. पुण्याकडचे नातेवाईक अजून फोनवर विचारतात, "काय, यंदा किती लुटलंस सुरतेत?" त्यांना दर वेळी हसू येतं. मी हसणं सोडून दिलं आहे.

आमच्यासारखी घरं इथे हजारोंनी आहेत. नंदुरबार, धुळे, जळगावकडून ताप्ती लाइनच्या गाडीने उधन्याला उतरलेली, लूमवर नाही तर डाइंगमध्ये चिकटलेली, मग डिंडोली-लिंबायतच्या चाळींतून पसरलेली. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकलो. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, बाजारात गुजराती. वडील रंगखात्यात होते. मी लोकांचे सर्व्हर सांभाळतो. वडिलांचे हात रात्री घरी आल्यावरही निळे-जांभळे असायचे, त्यामुळे ते दिवसभर काय करतात हे आम्हाला कधी विचारावं लागलं नाही. माझ्या कामाचा असा कुठलाच डाग पडत नाही, आणि आईला ते अजून नीट सांगता आलेलं नाही. "कुणाचं बंद पडलं की मी चालू करतो," एवढ्यावर आमची तडजोड झाली आहे.

खरं तर बंद पडलेलं फारसं काही नसतंच. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या बहुतेक तक्रारी एकाच चालीच्या: काल आत जाता येत होतं, आज येत नाही.

पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलचं काम माझ्याकडे आहे. बाहेरून ग्रे कापड येतं, रंगून-छापून परत जातं. प्रत्येक लॉटला नंबर, प्रत्येक लॉटचं चलान. हा सगळा हिशेब मुंबईच्या एका डेटा सेंटरमधल्या भाड्याच्या सर्व्हरवर राहतो. फोल्डिंग खात्यातल्या कॉम्प्युटरवरून रात्री एक फाइल आपोआप तिकडे जाते आणि सकाळी तिच्यावरून चलानं छापली जातात. फाइल गेली नाही तर चलान नाही, चलान नाही तर माल हलत नाही, आणि नऊच्या सुमाराला गेटवर टेम्पोवाले हॉर्न वाजवायला लागतात. मिलच्या शेठना सर्व्हर म्हणजे काय हे ठाऊक नाही, पण तो हॉर्न त्यांना बरोबर कळतो.

त्या सर्व्हरवर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टमचं २०.०४ होतं. त्याची नेहमीची देखभाल २०२५ च्या मेअखेर संपली, म्हणजे सुरक्षेची ठिगळं येणं थांबलं. तेव्हा २२.०४ वर जाणं भाग होतं. थेट २४.०४ का नाही, तर हिशेबाचं सॉफ्टवेअर देणारे म्हणाले की आमचं त्यावर चालत नाही. ते गेल्या दिवाळीलाही हेच म्हणाले होते.

दूरवरच्या यंत्राचं अपग्रेड करताना एक पेच असतो. यंत्र मुंबईत, मी डिंडोलीत, आणि ज्या एसएसएच नावाच्या वाटेने आत गेलो ती वाटच काम चालू असताना उखडून नवी घातली जाणार. उबुंटूवाल्यांनाही हे ठाऊक आहे. म्हणून अपग्रेडची आज्ञा दिली की ते आधी १०२२ नंबरच्या पोर्टवर दुसरं एक एसएसएच सुरू करून ठेवतं, नेहमीचं २२ अडलं तर हाताशी असावं म्हणून. फक्त फायरवॉलमध्ये १०२२ मोकळं नसेल तर ही सोय असून नसल्यासारखी. तशी सूचना स्क्रीनवर येते. बहुतेक जण एंटर दाबून पुढे जातात. मग मध्येच तो दुसरा प्रश्न येतो: एसएसएचची कॉन्फिग फाइल तुम्ही बदललेली दिसते, आमची नवी घालू की तुमची जुनी ठेवू? रात्री दीड वाजता, झापड आलेली असताना, दोन ओळींचा प्रश्न. पुष्कळ सर्व्हर या एका उत्तरात मालकाला परके होतात.

माझ्या हाताखाली भाचा शिकतो आहे. त्या रात्री तो शेजारी बसला होता. मी दोन खिडक्या उघडलेल्या पाहून म्हणाला, "मामा, एकाच सर्व्हरवर दोनदा कशाला?" त्याला म्हटलं, जो आत शिरला तो शिरला. एसएसएच पुन्हा सुरू केलं तरी आधीची बैठक तुटत नाही, तिची प्रोसेस वेगळी चालते. म्हणून एका खिडकीत काम करायचं आणि दुसरी नुसती उघडी ठेवायची. सगळं झालं की तिसरी उघडून नव्याने लॉगिन करून पाहायचं. नव्याने जाता आलं तर मग आधीच्या दोन्ही मिटायच्या. त्याने वहीत लिहून घेतलं. तिसऱ्या खिडकीतून आम्ही विनासायास आत गेलो, चहा घेतला आणि झोपलो.

सकाळी मिलचा हिशेब पाहणाऱ्या मेहताजींचा फोन. "अंदर आववा नथी देतुं. पासवर्ड तो ए ज छे, भाई. काले तो चालतुं हतुं."

मिलवर पोचलो तोवर प्रकरण पुढे गेलं होतं. आता सर्व्हर नकारसुद्धा देत नव्हता. ऑफिसमधल्या कुठल्याही कॉम्प्युटरवरून हाक मारा, पलीकडे चिडीचूप. भाचा हळूच म्हणाला, "काय व्हयनं?" गेटवर हॉर्न सुरू झाले होते. मी मोबाइलचं इंटरनेट लॅपटॉपला लावलं आणि माझ्या किल्लीने पहिल्या झटक्यात आत गेलो. म्हणजे सर्व्हर जिवंत होता, एसएसएच चालू होतं, आणि अडवलं होतं ते फक्त मिलला.

मेहताजींच्या टेबलावर काय झालं होतं ते त्यांच्या शेजारी बसून पाहिलं तेव्हा उलगडलं. एसएसएचने आत जायच्या पुट्टी या प्रोग्रामची काळी खिडकी. तिच्यात पहिली ओळ, सर्व्हर रिफ्यूज्ड अवर की. खाली पासवर्डची मागणी. ती पहिली ओळ मेहताजींनी वाचलीच नव्हती. ती त्यांच्या कामाची नव्हती. त्यांच्या लेखी पासवर्ड म्हणजे ते रोज सकाळी चष्मा लावून टाइप करतात तो शब्द. पण तो शब्द सर्व्हरचा नव्हताच. तो त्यांच्याच कॉम्प्युटरवरच्या खासगी किल्लीचा. सर्व्हरने आज किल्लीच नाकारली, त्यामुळे किल्लीचा शब्द कुणी विचारलाच नाही. त्यानंतर जो पासवर्ड मागितला तो सर्व्हरवरच्या खात्याचा, आणि तो मिलमध्ये कुणालाच माहीत नव्हता. मेहताजी खरं उत्तर भलत्याच प्रश्नाला देत होते, पुन्हा पुन्हा, दर वेळी कळा जरा जास्त जोराने दाबून. सर्व्हरवर फेल-टू-बॅन नावाचा पहारेकरी आहे. एका पत्त्यावरून ठरावीक चुका झाल्या की तो त्या पत्त्यालाच बाहेर ठेवतो. मिलमधले सगळे कॉम्प्युटर एकाच राउटरमागे, बाहेरून पत्ता एकच. मेहताजींच्या जिद्दीपायी अख्खी मिल बाहेर.

बंदी उठवणं एका आज्ञेचं काम. मूळ नकाराचं कारण मात्र बाहेरून कळणार नव्हतं, आणि ते तसं कळू न देणं हीच त्या यंत्राची रीत आहे.

सुरतेच्या माणसाला हे समजावायला फार कष्ट पडत नाहीत, कारण त्याला आंगडिया माहीत असतो. महिधरपुऱ्यात, वराछ्यात आंगडियांच्या पेढ्या आहेत. हिऱ्यांची पुडकी आणि रोकड त्यांच्या माणसांच्या कमरेला बांधून पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आली आहे. रक्कम घ्यायला येणाऱ्याची खूण म्हणून एखाद्या दहाच्या नोटेचा नंबर चालतो. पाठवणारा नंबर कळवतो, घेणारा तीच नोट घेऊन पेढीवर येतो, गादीवरचा माणूस नंबर ताडतो आणि रक्कम पुढे सरकवतो. आता समजा नंबर जुळला नाही. गादीवरचा माणूस "शेवटचा आकडा तेवढा चुकलाय" असं सांगत नाही. "आलं नाही," एवढंच म्हणतो आणि पुढच्याकडे वळतो. खऱ्या माणसाला त्याचा राग येतो. पण कितवा आकडा चुकला हे जर त्याने सांगितलं असतं, तर रोज नवी नोट घेऊन येणाऱ्या लबाडाचं काम दहा दिवसांत झालं असतं.

सर्व्हरचंही तसंच. नाव चुकलं, किल्ली चुकली, फोल्डरच्या परवानग्या ढिल्या आहेत, बाहेर उत्तर एकच: पर्मिशन डिनाइड. नाव अस्तित्वातच नसलं तरी पासवर्ड विचारण्याचं नाटक तो पूर्ण करतो. २०१६ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की फार लांबलचक पासवर्ड दिला तर खऱ्या नावाला नकार यायला खोट्या नावापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यावरून खरी नावं चाळून काढता येतात. तेही बुजवण्यात आलं. नकाराला लागणारा वेळसुद्धा काही बोलता कामा नये, इतकी ही मिताक्षरी.

आत मात्र तोच सर्व्हर सगळं लिहून ठेवतो. व्हार, त्यात लॉग, त्यात ऑथ डॉट लॉग. ही फाइल पहिल्यांदा उघडणारा माणूस हादरतो. इंटरनेटवर उघड्या असलेल्या कुठल्याही सर्व्हरवर दिवसरात्र कुणी ना कुणी किल्ल्या लावून पाहत असतं: रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल, पोस्टग्रेस, पाय. कुणाला या मिलशी काही देणंघेणं नाही. जगातल्या सगळ्या पत्त्यांवर फिरणारे प्रोग्राम ते. त्या गर्दीतून मिलचा पत्ता गाळून काढला तेव्हा हवी ती ओळ सापडली. की टाइप एसएसएच-आरएसए, आणि पुढे, स्वीकारलेल्या पद्धतींच्या यादीत नाही. रात्रीच्या फाइलीच्या वेळेलाही नेमकी हीच ओळ. फोल्डिंगचा कॉम्प्युटरही त्याच कारणाने बाहेर राहिला होता, फक्त त्याने हट्ट केला नाही म्हणून त्याचा बोभाटा झाला नाही.

इथे थोडं थांबायला हवं, कारण हीच ओळ वाचून पुष्कळांनी आपल्या चांगल्या किल्ल्या फेकून दिल्या आहेत. एसएसएचच्या किल्ल्या जोडीने बनतात. जाहीर किल्ली सर्व्हरवरच्या एका फाइलीत नोंदलेली असते; ती जगाने पाहिली तरी बिघडत नाही. खासगी किल्ली तुमच्या कॉम्प्युटरवर, ती कधीच कुठे पाठवायची नाही. आत येताना त्या जोडणीपुरती एक खूण ठरते, तुमचा प्रोग्राम तिच्यावर खासगी किल्लीने सही करतो आणि सर्व्हर ती सही जाहीर किल्लीशी ताडून पाहतो. पुढच्या खेपेला खूण नवी, सही नवी. आता सही करायची म्हणजे आधी मजकुराचा एक आखूड गोषवारा काढावा लागतो, आणि त्याच्या रीती अनेक आहेत. एसएसएच-आरएसए या नावात आरएसए किल्ली आणि शा-१ हा गोषवारा अशा दोन गोष्टी गुंडाळलेल्या आहेत. नामंजूर झाला तो शा-१. किल्ली तीच ठेवून शा-२५६ किंवा शा-५१२ ने सही केली तर सर्व्हरची काहीही हरकत नाही. त्याचा मसुदा २०१८ मध्येच पक्का झाला होता. मिलमधल्या दोन्ही कॉम्प्युटरवरची पुट्टी २०१७ सालची, एकाच पेन ड्राइव्हवरून चढवलेली. तिला जुन्या पद्धतीची सहीच येत होती. नवी सही पुट्टीला आली ०.७५ मध्ये, म्हणजे मे २०२१ ला. माझी किल्ली वेगळ्या जातीची, एड-२५५१९. तिचा शा-१ शी संबंधच नाही. म्हणून रात्री तिसऱ्या खिडकीत सगळं आलबेल दिसलं होतं.

शा-१ चा दोष काय? गोषवाऱ्याचा एकमेव गुण हा की दोन वेगळ्या मजकुरांचा गोषवारा एक निघू नये. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी दोन वेगळ्या पीडीएफ फाइली दाखवल्या, गोषवारा अगदी एक. २०२० मध्ये लोरां आणि पेरां या दोन संशोधकांनी आणखी घातक प्रकार करून दाखवला, आणि खर्च पन्नास हजार डॉलरच्या आत आणला. सुरतेतल्या मोठ्या शेठच्या गाडीची किंमत याहून जास्त असते. आमच्या सर्व्हरवरचं एसएसएच बनवणाऱ्या ओपनएसएसएचवाल्यांनी त्याच वर्षी फेब्रुवारीत, ८.२ आवृत्तीबरोबर जाहीर केलं की आम्ही हे लवकरच बंद करणार. सप्टेंबर २०२१ मध्ये ८.८ आलं, बंद केलं. उबुंटू २०.०४ मध्ये ८.२ होतं, २२.०४ मध्ये ८.९. म्हणजे आमच्या सर्व्हरवर नोटीस लागलेल्या आवृत्तीतून आम्ही थेट अंमलबजावणीच्या आवृत्तीत उतरलो. मधल्या वर्षांत ती नोटीस मिलमध्ये कुणी वाचली नाही, हे सांगायला नकोच. महापालिकेची पाणीकपातीची नोटीससुद्धा इथे नळ कोरडा पडल्यावरच वाचली जाते.

आता सोपा उपाय. सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ वाढवायची, जुनी सहीही चालेल म्हणून. दहा सेकंदांचं काम. शेठ मागे येऊन उभे होतेच. "जूनुं चालतुं हतुं ने? तो ए ज राखो ने!" भाच्याच्याही मनात तेच. अशा ओळी मी अनेक सर्व्हरांवर पाहिल्या आहेत, शेजारी टीप लिहिलेली: तात्पुरतं. तारीख चार-पाच वर्षांपूर्वीची.

मी ती ओळ घातली नाही, आणि त्यामागे नियमांपेक्षा स्वभाव जास्त आहे. आत घेत नाही ही तक्रार माझ्याकडे रोज येते. भलत्याला आत घेतलं, ही तक्रार घेऊन आजवर कुणी आलेलं नाही. येणार कोण? जो हक्काने आत जातो त्याला काही अडलेलं नसतं, आणि जो चोरून जातो तो बोलायला येत नाही. त्यामुळे नकार हा निदान प्रामाणिक बिघाड आहे. तो स्वतःची वर्दी स्वतः देतो. शंका यायला हवी ती सगळं सुरळीत चाललेलं असताना.

एसएसएच जन्मलं तेच असल्या सुरळीतपणातून. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड ऐकत बसलं होतं. त्या काळी टेलनेटने लॉगिन करायचे, पासवर्ड तारेवरून उघडा जायचा. प्रत्येकाचं लॉगिन यशस्वी होत होतं, आणि प्रत्येक यशाबरोबर एक पासवर्ड चोराच्या वहीत पडत होता. तातू युलोनेन या तिथल्या संशोधकाने त्यावर एसएसएच लिहिलं, आणि टेलनेटचा नंबर २३, एफटीपीचा २१, म्हणून मधला रिकामा २२ मागून घेतला.

त्याहून मोठी गोष्ट डेबियन या लिनक्स वितरणाची. २००६ मध्ये तिथल्या ओपनएसएसएल या पॅकेजमधून काही ओळी काढल्या गेल्या, कारण व्हॅलग्राइंड नावाचं तपासनीस साधन त्यांच्यावर कुरकुरत होतं. कुरकुर थांबली. पण त्याच ओळी किल्ली घडवताना यदृच्छा पुरवत होत्या. त्या गेल्यावर एका जातीच्या, एका लांबीच्या किल्ल्या जास्तीत जास्त बत्तीस हजारांच्या घरातच घडू शकत होत्या, कारण फरक उरला होता तो फक्त प्रोसेसच्या नंबरचा. मे २००८ मध्ये लुचियानो बेल्यो यांच्या हे लक्षात येईपर्यंत जगभर लोक त्या किल्ल्यांनी रोज बिनबोभाट आत जात होते. सगळ्या किल्ल्या चालत होत्या, आणि चोराने बसून सगळ्या लावून पाहिल्या असत्या तरी त्याला फार वेळ लागला नसता. दुरुस्ती आली ती काळी यादी घेऊन: या किल्ल्या यापुढे घेतल्या जाणार नाहीत. अपग्रेड केल्या दिवशी असंख्य लोकांना पहिल्यांदा नकार मिळाला. सर्व्हर बिघडला म्हणून किती जणांनी बोटं मोडली असतील!

आणि २०२४ चा मार्च. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे प्रोग्रामर डेबियनच्या अस्थिर आवृत्तीवर काही बारीक मोजमापं करत होते. मोजमापाला यंत्र शांत हवं. तेव्हा त्यांना दिसलं की एसएसएचच्या प्रोसेसेस भलत्याच राबताहेत. त्यांत कुणी आत गेलेलं नव्हतं. चुकीच्या नावांनी येऊन परत जाणारेच ते, माझ्या ऑथ लॉगमध्ये असतात तसले, आणि त्यांना नाकारायला एवढे कष्ट का पडावेत? मोजून पाहिलं तर जे काम पूर्वी तीन दशांश सेकंदांत व्हायचं त्याला अर्धा सेकंद जास्त लागत होता. काही आठवड्यांपूर्वी पॅकेजं अपडेट झाल्यावर व्हॅलग्राइंडने एक विचित्र कुरकुर केलेलीही त्यांना आठवली. त्यांनी माग काढला तो एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साध्या लायब्ररीपर्यंत. जिया तान या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी वर्षानुवर्षं मन लावून काम करून, विश्वास कमावून, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरवाट बसवली होती. ठरावीक खासगी किल्ली ज्याच्याकडे असेल त्याला एसएसएचच्या वाटेने यंत्रावर हवं ते करता आलं असतं. मूळ एसएसएच ही लायब्ररी वापरतही नाही. काही वितरणांनी सिस्टमडीसाठी जोडलेल्या धाग्यातून ती आत आली होती. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी जाहीर केलं. मला या हकिगतीतली एक गोष्ट फार आवडते. चोरवाट पकडून दिली ती आत न घेतलेल्यांनी. व्हॅलग्राइंडची कुरकुर २००६ मध्ये गप्प केली गेली, २०२४ मध्ये कुणीतरी ती लक्षात ठेवली.

पुण्याच्या नातेवाइकांना मी कधीतरी सांगणार आहे की सुरतेच्या लुटीतला खरा धोक्याचा क्षण लुटीचा नव्हताच. सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला होता. त्याने तहाची बोलणी करायला म्हणून एक तरुण वकील पाठवला. वकील म्हणजे रीतसर ओळख असलेला माणूस. त्याला महाराजांपर्यंत जाऊ दिलं गेलं, आणि बोलता बोलता त्याने कट्यार काढून झेप घेतली. अंगरक्षकाने त्याचा हात तोडला म्हणून महाराज बचावले. बाहेर हजारो घोडेस्वार होते आणि वार झाला तो ज्याला आत यायला सांगितलं त्याच्याकडून.

मिलचं काम तासाभरात आटोपलं. दोन्ही कॉम्प्युटरवर पुट्टी आणि तिच्या जोडीचं प्लिंक नवं चढवलं. किल्ल्या त्याच. फोल्डिंगच्या कॉम्प्युटरवर विंडोज ७ आहे, त्याच्या कीबोर्डवर रंगाचे ठसे आहेत आणि तो हलवायला खातेप्रमुख देत नाहीत, कारण लेबलचा प्रिंटर त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. तिथेही नवी पुट्टी चालली. फाइल हाताने पाठवली, चलानं निघाली, हॉर्न थांबले. त्यानंतर मी एक गोष्ट बंद केली: सर्व्हरवरचा पासवर्डचा प्रश्न. माझ्याआधी काम पाहणाऱ्याने तो उघडा ठेवला होता. यापुढे किल्ली नाही तर प्रश्नही नाही. बदल केल्यावर आधी कॉन्फिगची चाचणी, मग रीस्टार्ट, मग नवी खिडकी; भाच्याने न सांगता दुसरी उघडून ठेवली होती.

मेहताजींना किल्ली आणि तिचा शब्द यांतला फरक समजावला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे पुन्हा कधी होणार?" हा प्रश्न मला शेठनी कधी विचारलेला नाही. मी सांगितलं, या उबुंटूची देखभाल एप्रिल २०२७ पर्यंत आहे. त्याआधी पुढचं चढवावं लागेल. त्यांनी खणातून लाल डायरी काढली, जिच्यात जीएसटीच्या आणि अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या तारखा असतात.

"एप्रिलमां तो लगनसरा छे," ते म्हणाले. "माल एटलो जाय के श्वास लेवानो टाइम नहीं."

मार्च मी सुचवणार नव्हतोच. मार्चमध्ये हिशेबखात्याला हात लावणाऱ्याला ते डायरी फेकून मारतील. जानेवारी म्हटलं तर म्हणाले उतरायण, तेव्हा मिलमध्ये सापडतं कोण, सगळे गच्चीवर. राहिला फेब्रुवारी. त्यांनी लिहून घेतलं, रविवार, रात्री, आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले की फोल्डिंगच्या कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी त्यांना फोन करायचा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.